स्मार्ट क्लासचा चार्ज

खानापूर, जि. बेळगाव
८ जून

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

महाराष्ट्रातलं गडहिंग्लज सोडून तू इकडे कर्नाटकात निपाणीकडच्या मराठी हायस्कूलला रुजू झालास आणि आल्याआल्या स्मार्ट क्लासचा चार्ज, म्हणजे सगळी जबाबदारीही तुझ्याकडे आली, हे वाचून फार आनंद झाला. भिंतीवर टीव्ही आहे, लॅपटॉप आहे, कपाटात टॅब पडून आहेत, आता सुरुवात कुठून करू असं तू विचारलंयस. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

टीव्ही चालू करायच्या आधी महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची, दोन्हीकडची पुस्तकं शेजारी शेजारी उघडून बस. तिकडे असताना तू ‘दहावी विज्ञान, धडा पहिला’ असं यूट्यूबवर शोधायचास आणि तुझाच धडा समोर यायचा. इथे तसं होणार नाही. बालभारतीच्या दहावी विज्ञान भाग १ ची सुरुवात गुरुत्वाकर्षणाने होते. आपल्याकडे कर्नाटकात नववी-दहावीचं गणित-विज्ञान केंद्राच्या एनसीईआरटीच्या पुस्तकांवरून घेतलेलं आहे. त्यात गुरुत्वाकर्षण नववीला येतं आणि दहावी सुरू होते रासायनिक अभिक्रियांनी. ओहमचा नियम तिकडे नववीत ‘धाराविद्युत’मध्ये होऊन जातो, इकडे तो दहावीला आहे. म्हणजे तुझ्या दहावीच्या पोरांना हवा असलेला चांगला मराठी व्हिडिओ ‘इयत्ता नववी’ या नावाखाली पडलेला असतो, आणि दहावीच्या नावाने शोधणाऱ्याला तो सापडत नाही.

हे मी मुद्दाम लांबवून सांगतोय, कारण आपल्या भागातल्या मुलांचं खरं घोडं इथेच अडतं. इंग्रजी माध्यमाच्या मुलाला एनसीईआरटीवर हवं तेवढं साहित्य मिळतं. महाराष्ट्रातल्या मुलाला बालभारतीवर मिळतं. आपल्या मुलाचा अभ्यासक्रम एकाचा आणि भाषा दुसऱ्याची. त्याच्यासाठी तयार माल कुणी करून ठेवलेला नाही आणि करेल असंही दिसत नाही. तो जुळवायचा तर तुला-मलाच जुळवावा लागणार. म्हणून प्रत्येक धड्यासमोर बालभारतीत तो भाग कुठल्या इयत्तेत, कुठल्या धड्यात येतो ते लिहून काढ. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, त्यामुळे अडचण नाही. हा एक तक्ता झाला की अर्धं काम झालं समज.

त्यासाठी साधं शंभर पानी रजिस्टर घे. टीव्ही, यूपीएस, केबल यांच्यासाठी डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे सामानाची नोंदवही, असतंच. पण आत काय दाखवायचं याचं रजिस्टर कुठल्याच शाळेत नसतं आणि खरी गरज त्याचीच आहे. धडा, फाईलचं नाव, किती मिनिटांची, कुठे थांबवायचं आणि थांबवून मुलांना काय विचारायचं, एवढं त्यात लिही. पुढच्या वर्षी तुझी बदली झाली तरी येणाऱ्याच्या हाती काहीतरी राहील.

दुसरं म्हणजे वर्गात नेटच्या भरवशावर राहायचं नाही. तुमच्याकडे हायवे जवळ असल्याने रेंज बरी असेल. आमच्याकडे जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात लाईट जाते ती कधी येईल याचा नेम नसतो, आणि लाईटीपाठोपाठ रेंजही जाते. चाळीस मिनिटांच्या तासात दहा मिनिटं ते गोल फिरणारं चक्र बघण्यात गेली की वर्ग हातातून सुटतो. पुस्तकातला क्यूआर कोड आदल्या दिवशी घरी स्कॅन कर, काय निघतं आणि कुठल्या भाषेत निघतं ते बघ, मग सरकारच्या दीक्षा अ‍ॅपमध्ये ते डाउनलोड करून ठेव. किविक्स नावाचं एक फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून मराठी विकिपीडिया लॅपटॉपवर उतरवून नेटशिवाय वाचता येतो. टॅबवर तो टाक. एखाद्या पोराला काही पडताळून बघायचं असलं तर तो तुझी वाट बघत बसणार नाही.

पेन ड्राईव्हचं एक लक्षात ठेव. बऱ्याच टीव्हींना एफएटी३२ फॉरमॅटच लागतो, आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाईल बसत नाही. ऐनवेळी ‘कॉपी होत नाही’ म्हणून धावपळ होते ती बहुतेक वेळा यामुळेच. फाईलचं नाव आकड्याने सुरू कर, ०१, ०२ असं, म्हणजे सगळं धड्यांच्या क्रमाने लागतं.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाने फेट नावाची सिम्युलेशन्स केली आहेत. फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत, आणि एकेक डाउनलोड करून नुसत्या ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालवता येतात. त्यात विद्युत परिपथ जोडायचं एक आहे. मी तो तास असा घेतो की माउस मी धरत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी पुढे आली, तिने बॅटरीच्या दोन्ही टोकांना सरळ वायर जोडली, मध्ये दिवा नाही, काही नाही. पडद्यावर बॅटरीने पेट घेतला! सगळा वर्ग ओरडला. तिने घाबरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, काढू नकोस, आता मध्ये दिवा घाल. दिवा घातला, आग विझली, दिवा लागला. रोध कमी झाला की धारा वाढते, हे नंतर फळ्यावर लिहिताना मला फारसं सांगावंच लागलं नाही. लगेच टेबलावर खरा सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब ठेवला. पडद्यावर केलेलं हाताने केल्याशिवाय तास पुरा करायचा नाही, एवढं मी ठरवूनच टाकलंय. तूही तसंच कर. नुसता व्हिडिओ लावून मागे उभं राहायचं असेल तर त्यापेक्षा खडू बरा.

टाईप केलेल्या जुन्या प्रश्नपत्रिकांचाही एक गठ्ठा तुझ्या हाती येईल. श्रीलिपी या जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या फाईली दुसऱ्या मशीनवर उघडल्या की नुसती अक्षरांची खिचडी दिसते. कन्नडच्या मॅडमच्या नुडी या कन्नड सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाईलींचंही तेच होतं. यापुढे सगळं कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या युनिकोडमध्ये टाईप करायचं आणि वाटताना पीडीएफ द्यायची, हे स्टाफ मीटिंगमध्ये ठरवूनच घे.

घरच्या अभ्यासाचं मात्र जपून कर. आपल्या पोरांच्या घरात फोन बहुधा एकच असतो आणि तो बापाबरोबर बेळगावातल्या उद्यमबागच्या फौंड्रीत जातो. रात्री तो घरी आला की फोन पोराच्या हाती येतो, तोवर डेटा संपलेला. अशा घरी पंधरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवून ‘बघून या’ म्हणणं अन्यायाचं आहे. एक स्वच्छ फोटो, दोन प्रश्न, आणि वहीत उत्तर. ज्याच्याकडे फोनच नाही त्याला तेच सकाळी फळ्यावर मिळालं पाहिजे. फोन नाही म्हणून एकही पोर मागे राहता कामा नये, सुहास, याबाबतीत मी कुणाचंच ऐकत नाही. आणि पोरांचे फोटो, मार्क ग्रुपवर टाकण्याची सवय असेल तर आधी ती बंद कर. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. पण कायदा नसता तरी नापास झालेल्या पोराचा मार्क शंभर फोनवर कशाला जावा?

टॅब कपाटात ठेवू नकोस. नववीच्या चार मुलांवर त्यांची जबाबदारी दे. चार्जिंग, पुसणं, नंबर बघून परत घेणं, सगळं ती करतात, आणि आपल्यापेक्षा नीट करतात. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या समितीच्या, बैठकीत यूपीएसच्या बॅटरीचा खर्च आत्ताच मांडून ठेव. बॅटरी दोन-तीन वर्षांत मान टाकते, आणि तेव्हा पैसे मागायला गेलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

माझा विज्ञानाचा दहावीचा तक्ता पुरा आहे, नववीचा निम्मा झालाय. गणिताला मी हात लावलेला नाही, तो तू घे. दसऱ्याच्या सुट्टीत वहिनींना आणि मुलांना घेऊन इकडे ये, येताना रिकामी हार्ड डिस्क आण, माझ्याकडचं सगळं भरून देतो आणि तुझं घेतो. मग चंदगडच्या सीमेपासून चिकोडीपर्यंत आपल्या ओळखीचे जे जे मराठी शाळांतले मास्तर आहेत त्यांना एकेक प्रत देऊ. तोवर तुझ्या टीव्हीला कुठला फॉरमॅट चालतो आणि टॅबमध्ये जागा किती आहे तेवढं कळव, म्हणजे त्या बेताने फाईली लहान करून ठेवतो.

आईंना साष्टांग नमस्कार, छोट्याला आशीर्वाद.

तुझा,
विनायक