एसीचे पैसे पाठवण्याआधी

नागभीड तालुका, जि. चंद्रपूर
फाल्गुन वद्य

चि. सचिन यास,
अनेक आशीर्वाद.

आजीच्या खोलीत दीड टनाचा एसी बसवायचा म्हणून तू पैसे पाठवतो म्हणाला. पाठव, पण सगळे एसीला नको. आपल्या घराला एसीआधी तीन कामं लागतात. ती न करता एसी बसवला तर तो मे महिन्यात दुपारभर धापा टाकेल आणि खोली काही गार होणार नाही. फोनवर हे सगळं सांगता येत नाही, मध्येच रेंज जाते, म्हणून लिहितो आहे.

आधी घराचं ऐक. बारावीपर्यंत तू ज्या घरात वाढला त्याच्या मातीच्या भिंती दीड फुटाच्या होत्या. वर कवेलू आणि त्याखाली बांबूची माच, तिच्यावर मातीचा थर. दुपारचं ऊन तेवढ्या जाड भिंतीतून आत झिरपायला दहा-बारा तास लागायचे. ते आत पोचेपर्यंत रात्र झालेली असायची आणि आपण सगळे बाजा टाकून अंगणात. कवेलूंच्या फटींतून तापलेली हवा आपोआप वर निघून जायची. सकाळी दहाच्या आत दारं-खिडक्या बंद, दिवस मावळला की उघड्या, अंगणात सडा, समोर तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा, मांडव. त्या घराला कूलर लागलाच नाही, कारण भिंती, फटी आणि वेळेवर लावलेली दारं मिळून तेच काम करत होती.

आताचं घर चार इंची स्लॅबचं आणि नऊ इंची विटांचं. स्लॅब दोन वाजताचं ऊन पाच-सहा वाजता खाली सोडतो आणि रात्री दहा-अकरापर्यंत सोडत राहतो. संध्याकाळी छताला हात लावून बघ, तव्यासारखं लागतं. पंखा तीच हवा खाली आणून अंगावर टाकतो. पहिलं काम म्हणून वरचं. छतावर ऊन पडतं तिथेच त्याला अडव.

स्लॅबला चुना मारायचा. आपला स्लॅब २० बाय ३०, म्हणजे ६०० चौरस फूट. दोन हातांना १० ते १२ किलो कळीचा चुना पुरतो. चुना आदल्या रात्री लोखंडी ड्रममध्ये विरवायचा, प्लॅस्टिकच्या बादलीत नाही. तो उकळतो आणि बादली वितळते. पाण्यात चुना थोडा थोडा टाकायचा, चुन्यावर पाणी ओतायचं नाही, आणि डोळ्याला चष्मा लावायचा. डोळ्यात उडाला तर दृष्टी जाते, त्यात गंमत नाही. सकाळी जाड फडक्यातून गाळायचा, लाकूड चिकटवायचा पांढरा डिंक अर्धा किलो घालायचा आणि ताकासारखा पातळ करायचा. स्लॅब आधी झाडून, ओला करून घ्यायचा. कोरड्या स्लॅबवर चुना लगेच सुकतो आणि आठ दिवसांत पापुद्रे निघतात. पहिला हात उभा, दुसरा आडवा, मधे एक दिवस. एका पावसाळ्यात बराचसा वाहून जातो, म्हणून दर मार्चमध्ये परत. छतासाठी पांढरा रंग मिळतो, तो दोन-तीन वर्षं टिकतो पण महाग पडतो. तुझी इच्छा.

चुन्यापेक्षा सावली बरी. नर्सरीवाले वापरतात ती ७५ टक्क्यांची हिरवी जाळी स्लॅबपासून तीन फूट वर, लोखंडी पाइपांवर ताणून बांधायची. जाळी स्लॅबला टेकली की उपयोग निम्मा, मधून वारा खेळला पाहिजे. शेजारी काहींनी स्लॅबवर तणस पसरलं आहे. गार राहतं हे खरं, पण त्यात उंदीर होतात, मागोमाग साप येतो, आणि एका ठिणगीचं काम. आपण नाही पसरायचं.

आता कूलर. तू म्हणतोस कूलर जुना झाला. पत्रा जुना झाला, कूलर नाही.

कूलर कधी चालतो आणि कधी नाही हे ओळखायला साधा प्रकार आहे. दोन थर्मामीटर घे. एकाच्या बुडाला ओलं मलमल गुंडाळ आणि दोन्ही पंख्यासमोर पाच मिनिटं धर. मे महिन्यात दुपारी कोरडा ४४ दाखवतो तेव्हा ओला २३ च्या आसपास असतो. फरक २१. चांगला ताट्यांचा, म्हणजे बाजूला गवत भरलेल्या जाळ्यांचा, कूलर या फरकाच्या पाऊण ते ८० टक्के गारवा देतो, म्हणजे तोंडातून २७-२८ ची हवा. मृग लागला, कोरडा ३६ वर आला, पण हवेत ओल भरली की ओला ३० वर जातो. फरक ६ आणि मिळणार फार तर ५. तेवढ्यासाठी खोलीत ओल कशाला भरायची? पंप बंद, नुसता पंखा. लोक जूनमध्ये पंप चालू ठेवतात, अंथरूण चिकट होतं आणि कूलर बिघडला म्हणून ओरडतात.

एक लिटर पाणी वाफ होताना पाऊण युनिटाला थोडी कमी एवढी उष्णता उचलतं. १८ इंची पंख्याचा कूलर भर दुपारी तासाला १० ते १५ लिटर पाणी उडवतो. १२ लिटर धर. म्हणजे ८ किलोवॉट, दोन टनांच्या एसीपेक्षा जास्त, आणि वीज खातो २०० वॉट. मात्र यातला बराच गारवा बाहेरची तापलेली हवा निववण्यात जातो, आणि ती हवा खोलीत शिरून बाहेर निघाली पाहिजे. म्हणून कूलर खिडकीबाहेर स्टँडवर आणि समोरची खिडकी उघडी. निदान कूलरच्या तोंडाएवढी. तुझी आई धूळ येते म्हणून ती लावून घेते आणि मग अर्ध्या तासात खोलीत दमटपणा. तिला तू सांग, माझं ऐकत नाही.

आपला कूलर पश्चिमेच्या खिडकीला आहे, तो उत्तरेच्या खिडकीला न्यायचा. ताट्यांवर ऊन पडलं की पाणी तापतं आणि गवत लवकर कुजतं.

ताट्या दरवर्षी नव्या. गवत भरताना बहुतेक चूक वरच्या कोपऱ्यात होते. ओलं झालं की गवत खाली बसतं, वर बोटभर फट पडते, आणि हवा आळशी असते, तिला तीच वाट आवडते. ४४ ची हवा सरळ आत. दर पंधरा दिवसांनी बघून वर मूठभर गवत खोचायचं. ताटीवर कोरडा पट्टा दिसला तर वरच्या पाण्याच्या नळीची भोकं क्षारांनी बुजली असं समज. सायकलच्या तारेने मोकळी करायची. मधमाशीच्या पोळ्यासारखे तपकिरी पॅड मिळतात, ते तीन-चार उन्हाळे जातात आणि हवाही जास्त सोडतात, पण आपलं बोअरचं पाणी जड. पाणी उडतं, क्षार मागे राहतो, आणि आठवडाभरात टाकीतलं पाणी खारट होतं. त्या पॅडची छिद्रं एकदा दगडासारखी बुजली की काही करता येत नाही. त्यामुळे आपल्याकडे गवतच, किंवा आजीसाठी एका बाजूला वाळ्याची ताटी. वास तिला आवडतो.

टाकी दर रविवारी पूर्ण रिकामी करून काथ्याने घासायची. नुसतं पाणी बदलून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या वरच्या कडेला पत्र्याला चिकटतात, कोरड्यातही महिनोन् महिने टिकतात, आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. घासणं त्यासाठी.

पंप घुरघुरतो पण पाणी चढत नाही, तर नवा घेऊ नये. प्लग काढ, बुडाची जाळी आणि झाकण उघड, आतल्या पात्याला गवताची काडी किंवा क्षार अडकलेला असतो. धुऊन बसव. टाकी कोरडी असताना पंप चालला तर मात्र जळतो, म्हणून टाकीत पाणी सोडणारा तरंगता बॉल कॉक आधी तपास.

याच्या पुढचं लक्ष देऊन वाच. कूलरचा करंट. विदर्भात दर उन्हाळ्यात यात माणसं जातात, आणि बहुतेक वेळा पाणी भरताना. पंपाची वायर पाण्यात राहून चिरते, पत्र्यात करंट उतरतो, खाली ओली जमीन, पाय उघडे. दोन पिनांचा प्लग असला किंवा तिसरी पिन नुसती शोभेला असली की करंटला जायला माणसाशिवाय वाट नाही. आपल्या घरचं अर्थिंग घर बांधताना केलेलं, त्याच्या खड्ड्यात नंतर कोणी पाणी टाकलं नाही. दुसरं काम म्हणून हे: अर्थिंग नवीन, कोळसा-मीठ भरून, आणि उन्हाळ्यात खड्ड्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी. कूलरला तीन तारांची वायर, हिरवी तार पत्र्याला स्क्रूने घट्ट, रंग खरवडून. मेन बोर्डात ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की स्वतःहून वीज तोडणारा स्विच. तिच्यावर टेस्टचं बटन असतं, ते महिन्यातून एकदा दाबायचं. ती खाली पडली नाही तर ती नुसती डबी आहे. आणि आरसीसीबी असली तरी पाणी भरायचं ते प्लग काढून. स्विच बंद केल्याने भागत नाही, कारण आपल्या जुन्या बोर्डात काही स्विच न्यूट्रलवर आहेत.

तिसरं काम व्होल्टेज. तू येशील तेव्हा रात्री नऊ वाजता, गावात सगळे कूलर चालू असताना, मीटरजवळ मोजून बघ. १७५-१८० सापडेल. २३० ऐवजी १८० मिळाले की पंख्याच्या मोटरचा जोर ६० टक्क्यांवर येतो. एसीला स्टॅबिलायझर लावशील, पण स्टॅबिलायझर व्होल्टेज जन्माला घालत नाही, तो तेवढाच जास्त करंट ओढतो. १५०० वॉटला २३० वर साडेसहा अँपिअर लागतात, १८० वर सव्वाआठच्या वर. आपल्या खांबापासून मीटरपर्यंतची तार बारीक आहे, ती तापेल आणि व्होल्टेज आणखी पडेल. आधी सर्व्हिस वायर बदलून मंजूर भार वाढवून घ्यायचा अर्ज. गावठाणाच्या डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, आधीच ओझं आहे, ती मेमध्ये उडाली की दोन-दोन दिवस अंधार. तेव्हा एसी असून नसल्यासारखा. बॅटरीवर कूलर मात्र चालतो. १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीतून हजार वॉट-तास खेचले तर पाच तास.

एवढं झालं की एसी. आजीला गुडघ्यांमुळे कूलरचा ओला वारा सोसत नाही, आणि जूनचे ते पंधरा-वीस दिवस कूलर कामाचा नाही, म्हणून एसी हवा हे मलाही मान्य. पण एकाच खोलीला, १० बाय १२ च्या, आणि छत आधी पांढरं केलेलं असलं तर इन्व्हर्टरवाला एक टन पुरेल. टन म्हणजे वजन नव्हे. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता घेतो ते माप, साडेतीन किलोवॉट. कंपन्या हे माप बाहेर ३५ अंश धरून देतात. ब्रह्मपुरीचा पारा ४५-४६ वर गेला की तोच एसी कमी गार करतो आणि जास्त वीज खातो. दुकानात स्टार विचारायच्या आधी ४६ अंशांना किती किलोवॉट देतो ते विचार. दुकानदार अडखळला तर माहितीपत्रक माग.

बाहेरचं युनिट उत्तरेच्या भिंतीला. गच्चीवर ठेवू देऊ नको, बसवणाऱ्याला ते सोपं जातं म्हणून तो आग्रह धरेल. वायर ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची, मीटरपासून वेगळी, स्वतःच्या एमसीबीवर. गॅस सोडण्याआधी पाइपातली हवा व्हॅक्यूम पंपाने काढायला लावायची, निदान वीस मिनिटं. बरेच जण थोडा गॅस सोडून हवा ढकलतात, आत ओल राहते आणि दोन उन्हाळ्यांत कॉम्प्रेसर बसतो. नटाभोवती तेलकट डाग दिसला तर गॅस तिथून गळतो आहे. एसीच्या आतली जाळी पंधरा दिवसांनी धुवायची, आपल्या धुळीत महिना चालत नाही.

२६ वर ठेवायचा आणि पंखा एकवर. दीड टनाचा रात्री आठ तास चालवला तर सात-आठ युनिट धर, महिन्याला सव्वादोनशेच्या आसपास. तेवढ्याच तासांना कूलर पन्नासच्या आसपास. घरचा वापर मिळून एसी आपल्याला ३०० च्या वरच्या टप्प्यात नेईल आणि तिथून पुढचं प्रत्येक युनिट महाग. म्हणून मेमध्ये कूलर, मृगापासून एसी, आणि आजीपुरता.

चुना मी या आठवड्यात मारून घेतो, वायरमनशी बोलणं झालं आहे. पैसे पाठवशील त्यातून अर्थिंग आणि सर्व्हिस वायर आधी होऊ दे. अक्षय तृतीयेला येताना पुण्याहून चांगल्या कंपनीची ४० अँपिअरची, ३० मिलीअँपिअरवर पडणारी दोन पोलची आरसीसीबी आण. इथे तालुक्याला मिळते ती कुठली असते देव जाणे. सूनबाईला आशीर्वाद, पोराला उन्हात फिरवू नको.

तुझे बाबा