पहाटे चारचं लेकरू

ती. आई आणि ती. बाबांना साष्टांग नमस्कार.

छोटीला बाळंत होऊन आज नऊ दिवस झाले. आई, काल फोनवर तू म्हणालीस, "लेकराला पाजायला घेतलं की रडत बसते, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या." तेव्हापासून माझं कामात लक्ष नाही.

बाळंतपणानंतर अंगातली संप्रेरकं एकदम उतरतात, झोप मोडते, आणि निम्म्याहून जास्त बाळंतिणींना असं भरून येतं. दोन आठवड्यांत ते बहुतेक ओसरतं. त्यापुढे टिकलं, तर तो आजार. माझं टिकलं होतं. तुम्हाला मी ते कधी पुरतं सांगितलंच नाही.

मधली अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, कानाला फडकं. मी दिवसभर भिंतीच्या पोपड्यांकडे बघत राहायचे. लेकरू रडलं की दुसऱ्या कोणाचं तरी रडतंय असं वाटायचं. ते झोपलं तरी मला झोप नाही. मी नसले तर याचं बरं होईल, असंही मनात यायचं. येणारी प्रत्येक बाई म्हणायची, "आमी चार-चार लेकरं काढली, आमाले नाही झालं असं." आई, तूही म्हणालीस. राग नाही माझा, तुला तरी कोणी काय वेगळं सांगितलं होतं? लागीर म्हणून धागा बांधला, त्यात तीन आठवडे गेले.

मला तगवलं बाबांनी. पहाटे चारला न बोलता लेकरू दुपट्यात घ्यायचे आणि ओसरीत येरझाऱ्या घालायचे. तेवढे दोन तास मी झोपायचे. पुढे डॉक्टरीणबाईंनी दहा प्रश्नांचा कागद दिला, मागच्या सात दिवसांत कसं वाटलं त्याचा. पहिलाच प्रश्न हसण्याचा. मी कधी हसले, ते आठवतच बसले.

आशाताई चौदाव्या, एकविसाव्या दिवशी येतील. लेकराचं वजन झालं की छोटीच्या मनाचंही त्यांना सांगा. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेली-मानस ही फोनसेवा आहे, तिचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो, मराठीत बोलतात. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर दूध बिघडेल म्हणून बंद करू नका. अंगावर पाजणाऱ्या बाईला चालतात अशा गोळ्या असतात, तेवढं त्यांना विचारून घ्या. आणि ती रात्र-रात्र जागून भलतंसलतं बडबडायला लागली, नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तर कोणाकडेही न नेता त्याच दिवशी दवाखाना. तिला एकटी सोडू नका.

पोरगी झाली म्हणून सासरचं कोणी बोललं, तर बाबा, तुम्ही तिथंच थांबवा. तुमचं ऐकतात.

तिची बाज खिडकीच्या खोलीत हलवा. शनिवारी मी येतेच, डिंकाचे लाडू मी वळीन. आई, तू तेवढा वेळ तिच्याजवळ बस. ती बोलली नाही तरी बस.

तोवर बाबा, पहाटे चारचं लेकरू तुमच्याकडे.

तुमची,
मोठी