माजघराचं दार देऊ नका

कोथरूड, पुणे
रविवार

ती. आई आणि ती. बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर हे बोलणं होत नाही. बाबांना अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेल्या अर्ध्यात आई मधेच विचारते, "जेवलीस का?" म्हणून लिहिते. मुद्दा आधीच सांगून टाकते: माजघराचं दार त्या जुनं लाकूड घेणाऱ्या माणसाला देऊ नका. निदान मी खंडेनवमीला वाईला येईपर्यंत तरी नको. कारण सांगते, पण जरा लांबून यावं लागेल.

बाबा, मागे तुम्ही म्हणालात, "सुतारकीच करायची होती तर इंजिनिअरिंगची फी कशाला भरायला लावलीस?" मी हसले, पण फोन ठेवल्यावर थोडं लागलं. खूळ काही एका रात्रीत डोक्यात शिरलं नाही. स्वयंपाकघरात फ्रिजच्या शेजारी आठ इंचांची जागा होती, तिथे एक फळी हवी होती. एका फळीसाठी कोण मिस्त्री येणार? दोन महिने फोन केले, मग रविवार पेठेत जाऊन मीच करवत आणि काटकोन बघायला गुण्या घेऊन आले. फळी वाकडीच बसली. अजून तिथेच आहे, डाळींचे डबे ठेवते तिच्यावर.

त्यानंतर लाकूड कोरायच्या दोन पटाश्या आल्या, त्यांवर ठोकायची मोगरी आली, चार क्लॅम्प आले. लाकूड तासायचा रंधा जुन्या बाजारात मिळाला, गंजून लाल झालेला. पातं रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवलं आणि सकाळी घासलं. सगळं मिळून आठ हजारांच्या आत, आई, काळजी नको. यंत्र एकही घेतलं नाही. खालच्या मजल्यावर लहान बाळ आहे, आणि मलाही तो आवाज नको.

खरी गोष्ट धारेची आहे. नवी पटाशी दुकानातून आणली की ती कापेल असं मला वाटत होतं. ती कापत नाही, रेटते. मी आणखी जोर लावला, ती सटकली, आणि डाव्या अंगठ्याला दोन टाके पडले. (हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. आता बरा आहे, हे पत्र त्याच हाताने धरून लिहिते आहे.) बोथट हत्याराने जास्त लागतं, कारण जोर आपला असतो आणि दिशा त्याची. आता दोन्ही हात पात्याच्या मागेच ठेवते.

धार लावायला शिकवलं ते आमच्या सोसायटीत काम करायला आलेल्या राजस्थानी मिस्त्रींनी. मी त्यांना पटाशी दाखवली तर त्यांनी ती उलटी केली आणि सपाट बाजूच आधी दगडावर घासायला घेतली. मी रोज तिरकी बाजू घासत बसले होते! पाठ आरशासारखी सपाट झाल्याशिवाय पुढच्या बाजूला कितीही घासलं तरी व्यर्थ. मग पुढची बाजू साधारण २५ अंशांत धरायची आणि पाठीवर बोटाला बारीक कड लागेपर्यंत घासायची. ती कड लागली की पाठ पुन्हा एकदोनदा फिरवून ती काढून टाकायची. त्यांनी मनगटावरचे केस काढून दाखवले. ते जमिनीवर बसून फळी पायाच्या बोटांत धरतात; माझं टेबल बघून म्हणाले, "इतना ऊँचा क्यों बैठना?" रंधा मात्र त्यांच्याकडे नव्हता. तो वडिलांचा, गावी आहे म्हणाले. प्लायच्या कामात रंधा लागतोच कुठे?

लाकूड भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणते. बाबा, तुम्हाला आवडेल असा हिशेब तिथे चालतो. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, तिघांचा गुणाकार भागिले १४४, म्हणजे घनफूट. सहा फूट लांब, आठ इंच रुंद, एक इंच जाड सागाची फळी म्हणजे ४८ भागिले १४४. मी दुकानदाराच्या कॅल्क्युलेटरआधी "एक तृतीयांश" म्हणाले, तर त्याने वर बघितलं. शिकवणी फुकट गेली नाही.

कधी कधी चाकणकडच्या कारखान्यांत आलेल्या पॅलेटच्या पट्ट्याही मिळतात, पाइनच्या. त्यावरचा शिक्का बघून घ्यायचा: 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली. दुसऱ्या प्रकारची मी घरात आणत नाही. सागाचा भुसा नाकात गेला की शिंका येतात, त्यामुळे मास्क लावते. आई, पदर नाही, मास्क.

आता दाराकडे येते. एप्रिलमध्ये मी एक पेटी केली, सरकतं झाकण असलेली. अगदी नीट बसलं होतं. जुलैत पुण्यात पाऊस लागला आणि ते झाकण असं अडकलं की आत ठेवलेल्या सुया-दोऱ्यांना दसऱ्यापर्यंत दर्शन नाही. लाकूड दमट हवेत फुगतं, पण लांबीत जवळजवळ नाही, लाकडाच्या रेषांना आडवं फुगतं. मी झाकण तेवढंच रंधणार होते, तेवढ्यात न्हाणीचं दार आठवलं. बाबा, तुम्ही ते दर पावसाळ्यात रंधायचात आणि दर उन्हाळ्यात त्याच्या फटीतून वारा यायचा. आई म्हणायची, दार आहे की चाळणी. पावसाळ्यात फुगलेलं तासलं की उन्हाळ्यात ते आटून आणखी लहान होणार. मी झाकण तसंच ठेवलंय.

माजघराच्या दाराला मात्र तुम्ही कधी रंधा लावल्याचं मला आठवत नाही. का, ते आत्ता कळलं. त्यातल्या फळ्या चौकटीच्या खाचेत नुसत्या बसवल्यात, खिळा नाही, सरस नाही. फुगल्या तर खाचेत जागा आहे, आटल्या तर खाचेतून बाहेर पडत नाहीत. चौकटीचे कोपरे कुसवांनी, म्हणजे एका लाकडाची जीभ दुसऱ्याच्या भोकात बसवून, जोडलेत, वर लाकडी खुंट्या ठोकल्यात. पणजोबांच्या सुताराने हा विचार करून ठेवला आणि तो माणूस ते दार किलोवर मागतोय! त्याच्या जागी फ्लश डोअर बसवायचं असेल तर बसवा, पण हे दार माझ्यासाठी काढून भिंतीला उभं करून ठेवा. ओल्या भिंतीला नको, खाली दोन विटा ठेवा. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब मी इतकी वर्षं बसमधून बघत होते. माझ्याच घरातलं लाकूड मात्र बघितलं नव्हतं.

आई, तुझ्यासाठी स्टूल करतेय, देवासमोर बसायला. पहिलं डुगडुगलं. बाबा म्हणतील तीन पायांचं कर, तीन बिंदू एकाच प्रतलात असतात. बरोबर आहे, आपल्या शहाबादी फरशीवर ते डुगडुगणार नाही. पण उठताना तू डावीकडे रेलतेस, आणि वजन त्या त्रिकोणाबाहेर गेलं की स्टूल कलंडेल. म्हणून चारच पाय, थोडे बाहेर पसरलेले. डुगडुग तिथे आल्यावर काढू.

दोन मापं कळवा. आईच्या गुडघ्यामागच्या घडीपासून जमिनीपर्यंतची उंची, चप्पल न घालता. आणि बाबा, न्हाणीच्या दाराची रुंदी, वर, मध्ये आणि खाली, तुमच्या शाळेतल्या स्टीलच्या पट्टीने. आईच्या शिवणाच्या टेपने नको, ती ताणली गेली आहे. आकडे दाराच्या मागे पेन्सिलने लिहून ठेवा, तारखेसकट. पुन्हा मे महिन्यात मोजू.

तुमची,
धाकटी