ओवाळायला बोलावता, बैठकीला नाही

महोदय,

कालच्या अंकातला वैद्यकक्षेत्रातल्या स्त्री नेतृत्वावरचा लेख वाचला. आनंदीबाई जोशींचा फोटो मोठा छापलात, तो छापायलाच हवा. पण डॉ. रखमाबाईंना एका ओळीत, तेही नवऱ्याने घातलेल्या खटल्यापुरतं उरकलंत याचा राग आला. नांदायला जाण्यापेक्षा तुरुंगात जाईन म्हणाल्या, एवढंच का त्यांचं मोठेपण? 1894 मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढे आधी सुरतेत, मग राजकोटच्या जनाना रुग्णालयात मिळून जवळजवळ पस्तीस वर्षं काम केलं. आनंदीबाईंची कोल्हापूरच्या रुग्णालयात नेमणूक झाली होती, पण 1887 मध्ये त्या गेल्या आणि ते काम राहूनच गेलं. विषय नेतृत्वाचा होता, तर रखमाबाईंच्या या कामावर निदान दोन परिच्छेद यायला हवे होते.

मी आरोग्य सहाय्यिका म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे हे जास्त लागतं. एका हंगामात आम्ही ऊसतोड कामगारांच्या कोप्यांवर, म्हणजे झोपड्यांवर, लसीकरणाला गेलो होतो. एका पोराला ताप, डोळे लाल, नाक वाहतंय, अंगावर पुरळ. आमच्या सिस्टरने त्याला उजेडात आणून तोंडात बघितलं आणि म्हणाली, "बाई, हा गोवर आहे." शेजारच्या कोप्यांत आणखी पोरं निघाली. साहेब मीटिंगला गेलेले. त्यांची वाट न बघता तिने मुकादमाला गाठून टोळीतल्या सगळ्या पोरांची यादी केली, 'अ' जीवनसत्त्वाचे डोस पाजले, बाकीच्या टोळ्यांवर आशांना, म्हणजे गावच्या आशा सेविकांना, धाडलं. अहवाल साहेबांच्या सहीने वर गेला. ती रीतच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण पुढे तालुक्याला सत्कार झाला तेव्हा शाल-नारळ साहेबांना, आणि सिस्टरला निरोप काय, तर नऊवारी नेसून ये, पाहुण्यांना ओवाळायचंय. तिने ओवाळलं आणि खाली येऊन बसली. भाषणात तिचं नाव एकदाही आलं नाही. मला ते आजही सहन होत नाही.

जगभरात आरोग्य कर्मचाऱ्यांत 70 टक्के बायका, वरच्या पदांवर मात्र 25 टक्के, हे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. 2022 मध्ये याच संघटनेने आपल्या आशांचा गौरव केला. त्या आशांना पगार नाही, मोबदला आहे, आणि तो वाढवून घ्यायला आझाद मैदानात बसावं लागतं.

बाई ठरवणारी असली की काय फरक पडतो ते गडचिरोलीत दिसलं. डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायका तपासल्या, तर 92 टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. 1989 मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. तोवर बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाचं टार्गेट, असंच आम्हालाही शिकवलं जायचं. त्या बायकांचं अंगावरून जाणं, कंबरदुखी कुणी विचारतच नव्हतं.

तेव्हा पुढच्या वेळी संचालक आणि अधिष्ठातांच्या मुलाखतींबरोबर एखाद्या उपकेंद्रावरच्या सिस्टरशीही बोला. तालुक्याच्या आढावा बैठकीत तिला फक्त आकडे विचारतात, मत विचारत नाहीत, हेही छापा.

आणि आरोग्याचं पान पुरवणीत पाककृतींच्या शेजारी का असतं? ते मुख्य अंकात घ्या. आमच्याकडे पुरवणी आठवड्यातून दोनदा गहाळच असते.

– एक निवृत्त आरोग्य सहाय्यिका