घड्याळाची चूक शोधणाऱ्या दादांना, नौपाड्याहून

प्रिय दादा,

तुमचं आणि तुमच्या कंपनीचं नाव कुठेही लिहायचं नाही, असं तुम्ही जिना उतरताना मला बजावून गेलात. ते मी पाळते. पण आभार मानू नका, असं काही तुम्ही म्हणाला नव्हतात. तुम्ही येऊन गेल्याला आठवडा झाला, तरी त्या सकाळची आठवण झाली की अजून गळा दाटून येतो. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. ठाण्यात नौपाड्यातल्या दोन खोल्यांतून आम्ही दहावीच्या कर्णबधिर मुलांसाठी गणित आणि विज्ञानाचे ऑनलाइन वर्ग घेतो. मुलं कळवा, दिवा, ऐरोली, कोपरखैरणे अशी विखुरलेली. संध्याकाळच्या गर्दीत त्यांना लोकलने बोलावणं आमच्या जिवावर येतं. स्क्रीनवर दोन चौकटी असतात. डावीकडे सर आणि फळा, उजवीकडे सरांचं बोलणं खुणांच्या भाषेत सांगणाऱ्या ताई. दोघं वेगवेगळ्या खोल्यांत, कारण ताईंच्या मागे साधा पडदा आणि हातांवर समोरून उजेड लागतो. सर फळ्यावर बोट ठेवून म्हणतात, ‘हा कोन त्या कोनाएवढा.’ ‘हा’ कुठला आणि ‘तो’ कुठला, हे मुलांना सरांच्या बोटावरून कळतं आणि बाकीचं ताईंच्या हातांवरून. बोट आणि हात यांची जोडी तुटली की त्या वाक्यात काही उरत नाही.

ती जोडी पावसाळ्याच्या सुरुवातीपासून तुटत होती. रोज नाही. चार दिवस नीट, पाचव्या दिवशी मध्येच ताई मागे पडलेल्या दिसायच्या. पालकांचे मेसेज यायला लागले, ‘ताई हळू आहेत’, ‘दुसरी दुभाषी बघा’. ज्यांच्याकडून आम्ही सर्व्हरची जागा भाड्याने घेतली आहे, त्यांच्या मदत कक्षाला मी किती फोन केले याची मोजदाद नाही. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून गोष्ट. राऊटर बंद करून चालू करा. मशीन रिस्टार्ट करा. रिस्टार्ट केलं की दुसऱ्या दिवशी सगळं ठीक, आणि लगेच ‘तक्रार निकाली’ असा मेसेज. एकाने तर वर्ग पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाला, ‘मॅडम, आवाज स्वच्छ आहे, सरांचे ओठ आवाजाशी जुळताहेत, आमच्याकडून काही प्रॉब्लेम नाही.’ ज्या वर्गातली मुलं ऐकूच शकत नाहीत, त्या वर्गाचा निकाल त्यांनी कानांनी लावला. हे मला आजही सहन होत नाही.

आणि शेवटी मीसुद्धा ताईंना विचारलं, ‘तुम्हाला सरांचा वेग झेपत नाही का?’ बारा वर्षं हे काम करणारी बाई. काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून वर्गाच्या अर्धा तास आधी येऊन सरांकडून धडा समजून घ्यायला लागल्या. तो प्रश्न मी विचारायला नको होता.

तुम्ही आमच्यापर्यंत पोचलात तेही नेहमीच्या वाटेने नाही. महापेला तुमच्या इमारतीच्या गेटवर आमच्या एका विद्यार्थ्याचे बाबा ड्युटीला असतात. रात्रपाळीला आत शिरणाऱ्या साहेबांना थांबवून मुलाच्या वर्गाबद्दल विचारायचं धाडस त्यांनी केलं, आणि तुम्ही थांबलात. गेटवरच्या माणसाचं बोलणं उभं राहून ऐकून घेतलंत. शनिवारी सकाळी पाळी संपवून, न झोपता, तुम्ही आमच्या दारात होतात.

मी फाइल काढून बसले होते. तक्रारींचे नंबर, तारखा, स्क्रीनचे फोटो. तुम्ही ती बाजूला ठेवलीत आणि विचारलंत, ‘मुलांना विचारलंय का कुणी?’

कुणीच विचारलं नव्हतं. अडीच महिन्यांत एकानेही नाही, आणि त्यात मी आले.

ऐरोलीची आमची एक मुलगी तेव्हा ऑनलाइन होती. तुमच्या शेजारी ताई उभ्या राहिल्या. ‘काय विचारायचं ते मला सांगा, मी तिला सांगते,’ असं त्या म्हणाल्या. इथे तुम्ही जे केलंत ते मी विसरणार नाही. तुम्ही ताईंकडे वळला नाहीत. कॅमेऱ्यात त्या मुलीच्या डोळ्यांत बघून, सावकाश, थेट तिलाच विचारलंत, ‘तुला नेमकं काय दिसतं?’ ताई खुणा करत होत्या, पण तुमची नजर मुलीवरच होती. ती उत्तर देत असतानाही तिच्याचवर. कर्णबधिर माणसाशी बोलताना दुभाष्याकडे नाही, त्या माणसाकडे बघायचं, हे आम्ही नव्या स्वयंसेवकांना महिनाभर शिकवतो. तुम्हाला कुणी शिकवलं होतं? ती मुलगी पाच-सहा मिनिटं बोलत राहिली, पुन्हा पुन्हा मागे जाऊन सांगत राहिली, आणि तुम्ही एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाहीत.

तिने सांगितलं, ‘ताई मागे असतात हे खरं. पण मागच्या मंगळवारी ताई पुढे होत्या. सरांनी बोट ठेवायच्या आधीच ताईंनी कोन दाखवला. सर काय बोलणार ते ताईंना आधीच कसं कळलं?’

तुम्ही हातातलं पेन खाली ठेवलंत. म्हणालात, ‘ताईंचा वेग कमी असता तर ताई कधीच पुढे गेल्या नसत्या. चूक ताईंची नाही, घड्याळाची आहे.’

ताई आत गेल्या. आतला नळ बराच वेळ चालू होता.

मग तुम्ही मला समजेल अशा भाषेत सगळं सांगितलंत. ते इथे लिहिते, कारण असे वर्ग चालवणारे इतरही कुणी अडकले असतील. सरांचं चित्र एका व्हर्च्युअल मशीनमधून, म्हणजे खऱ्या सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकातून जातं, ताईंचं तशाच दुसऱ्या मशीनमधून. खरा सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असला किंवा त्यावर भार वाढला, की जागा भाड्याने देणारी कंपनी हे मशीन चालू असतानाच दुसऱ्या सर्व्हरवर हलवते. तुम्ही म्हणालात, वर्ग चालू असताना एका मुलाची वही दुसऱ्याने उतरवून घ्यायची तसं. पहिला लिहितोच आहे, उतरवून झालेल्या पानांवर पुन्हा खाडाखोड करतो आहे. ती पानं परत उतरवायची. थोडंसंच उरलं की पहिल्याला म्हणायचं, ‘क्षणभर पेन खाली ठेव.’ उरलेलं भराभर उतरवायचं आणि पुढचं लेखन दुसऱ्याने सुरू करायचं. २००५ मध्ये केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी ही पद्धत दाखवली, तेव्हा लोक खेळत असलेल्या एका गेमचा सर्व्हर त्यांनी जेमतेम ६० मिलिसेकंद थांबवून हलवला होता. आमचं मशीन मात्र व्हिडिओ आवळून लहान करणारं, त्याची वही, म्हणजे मेमरी, सतत नव्याने भरणारी. उतरवणाऱ्याच्या हाताला ते लागत नाही, त्यामुळे पेन खाली ठेवण्याचा वेळ लांबतो.

आणि तो वेळ मशीनच्या आतल्या घड्याळाने मोजलाच नव्हता. गाढ झोपेतून उठलेल्या माणसासारखं ते जिथे थांबलं तिथूनच पुढे चालू लागलं. प्रत्येक चित्रावर वेळेचा शिक्का असतो, त्यासाठी सेकंदाचे ९०,००० भाग केलेले असतात, आणि मुलांच्या मोबाइलवर दोन्ही चौकटी शिक्का बघून शेजारी बसवल्या जातात. इतकी बारीक मोजणी, पण घड्याळच मागे! सरांचं मशीन हललं की त्यांचे शिक्के मागचे पडायचे आणि ताई उशिरा दिसायच्या. ताईंचं हललं की उलट. घड्याळ परत जुळवून घेणारी सेवा दोन्ही मशीनवर बंदच होती, म्हणून दर हलवाहलवीला चूक साठत गेली आणि सेकंदांवर पोचली. रिस्टार्ट केलं की घड्याळ नव्याने लागायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळं ठीक. सरांचा आवाज आणि सरांचं चित्र एकाच मशीनमधून निघत असल्यामुळे त्यांचे ओठ मात्र कायम जुळलेले. मदत कक्षातल्या माणसाला काही दिसलं नाही ते यामुळे.

पुढचं तुम्ही काय काय केलंत ते मला नीटसं सांगता येणार नाही. दोन्ही मशीन आता एकाच वेळेशी जुळवलेली असतात, हललीच तर दोन्ही प्रवाहांचे शिक्के नव्याने लावले जातात, आणि वर्गाच्या वेळेत ती हलवायची नाहीत असं कंपनीकडून लेखी घेतलंय. ते पत्रही तुम्हीच मला मुद्देसूद लिहून दिलंत. सोमवारपासून बोट आणि हात एकत्र आहेत.

माझ्या वडिलांना डॉक्टरांची एक सवय फार आवडायची. आमचे जुने डॉक्टर रिपोर्ट हातात घेण्याआधी विचारायचे, ‘कुठे दुखतंय?’ आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत थांबायचे. हुशार माणसं मी खूप पाहिली, ठाण्यापासून पलीकडे बेलापूरपर्यंत ती इमारतींच्या इमारती भरून आहेत. पण ज्याला दुखतंय त्यालाच विचारणारी, आणि तो सांगत असताना त्याच्याकडे बघणारी माणसं फार थोडी भेटली. तुम्ही पैसे घेतले नाहीत हे मोठंच आहे. तरी मला जास्त आठवते ती तुमची नजर.

सोमवारी मी सगळ्या पालकांना पत्र पाठवलं. ताई कधीच मागे नव्हत्या, हे त्यात पहिल्याच ओळीत लिहिलं. ताईंची माफी मी त्याआधीच, समोर बसून मागितली. आता त्या पुन्हा वर्गाच्या पाच मिनिटं आधी येतात.

आणखी एक. कर्णबधिर माणसं आपल्यातल्या माणसाला नावाची खूण देतात. ती आपली आपण ठरवायची नसते, त्यांनीच द्यायची असते. मला ती मिळायला दोन वर्षं लागली. तुमची मुलांनी बुधवारीच ठरवली. दोन बोटं मनगटावर टेकवायची, घड्याळ असतं तिथे, आणि मग दोन्ही तळहात शेजारी शेजारी एका रेषेत आणायचे. ऐरोलीच्या त्या मुलीने सुचवली, सगळ्यांनी लगेच उचलली. ती खूण ती मुलगी तुम्हाला स्वतः दाखवणार आहे, तोवर आम्ही कुणी हातांनी करून दाखवायची नाही अशी ताकीद आहे.

शनिवारी चार वाजता वर्ग आहे. त्या दिवशी पाळी नसेल तर या. गेटवर बाबांना नुसतं ‘येतो’ म्हणालात तरी निरोप पोचेल.

तुमची,
नौपाड्याच्या वर्गाची मॅडम