पुढचे चित्र ढगांचेही काढा

मा. संपादक,
स. न.

ओपनएआय या कंपनीने फेब्रुवारी २०२४मध्ये लिहिलेल्या वर्णनावरून व्हिडिओ बनवणारे ‘सोरा’ दाखवले, तेव्हापासून एआय व्हिडिओ म्हटले की चर्चा होते ती खोट्या चित्रफितींची. ती चिंता रास्तच आहे. पण आधीची चित्रे पाहून पुढचे चित्र काढणारे एआय तंत्रही आहे आणि त्याचा एक उपयोग खानदेशातल्या शेतकऱ्याच्या फार कामाचा आहे. त्यावर कोणीच बोलत नाही, याचे वाईट वाटते.

रडारवर दर काही मिनिटांनी पावसाचे एक चित्र उमटते. ती चित्रे ओळीने लावली की झाला व्हिडिओ. हाँगकाँगच्या संशोधकांनी २०१५मध्ये अशी चित्रे एआय मॉडेलला, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक-प्रणालीला, शिकवून पुढच्या दीड तासाचा पाऊस काढून दाखवला. अडचण अशी, की ढग कुठे वळेल याची खात्री नसली की अशी मॉडेल सगळ्या शक्यतांची सरासरी काढतात आणि चित्र धूसर होते. त्यात पुसला जातो तो नेमका जोरदार पावसाचा गाभा, आणि आम्हाला तोच कळायला हवा असतो! २०२१मध्ये गूगलच्या डीपमाइंड या एआय कंपनीने ब्रिटनच्या हवामान खात्याबरोबर केलेले मॉडेल सरासरी न काढता, घडू शकतील अशी निरनिराळी स्पष्ट चित्रे तयार करते. पन्नासहून अधिक हवामानतज्ज्ञांनी ती तपासली आणि बहुतेक वेळा त्यालाच कौल दिला.

मे-जूनमध्ये रावेर-यावल पट्ट्यात वादळ सुटले की कटाईला आलेली केळी आडवी होते. दीड तास आधी कळून उभी बाग वाचणार नाही, हे खरे. पण खळ्यातला मका झाकता येतो, झाडाखाली बांधलेली गुरे हलवता येतात, मजुरांना विजा सुरू होण्याआधी घरी पाठवता येते. अमळनेरपासून मुक्ताईनगरपर्यंत अख्ख्या जिल्ह्याला ‘तुरळक ठिकाणी वादळी पाऊस’ एवढेच कळून हे जमत नाही.

मॉडेल कितीही हुशार असले तरी त्याला चित्रे रडारनेच पुरवायची असतात. रडारचा झोत दूर जाताना जमिनीपासून वर वर जातो, त्यामुळे लांबच्या रडारला खालचे ढग दिसत नाहीत. आमच्या तालुक्यांवर कोणत्या रडारची नजर आहे आणि ती किती उंचीवरून जाते, हे हवामान खात्याने जाहीर करावे. जळगावच्या विद्यापीठाने संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना हा विषय प्रकल्पासाठी द्यावा. आणि इशारा तालुक्याच्या नावानिशी, मराठीत, मोबाइलवर यावा.

आपला,
एक केळी उत्पादक,
ता. रावेर, जि. जळगाव