बिबी अँडरसनविषयी, आई-बाबांस

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

बाबा, ‘द सेव्हन्थ सील’मध्ये फिरत्या नटाची बायको झालेली हसरी मुलगी पुढे काय करत राहिली, असे तुम्ही फोनवर विचारले होते. ती बिबी अँडरसन. जन्म १९३५ चा, स्टॉकहोमचा. स्वीडिश दिग्दर्शक इंगमार बर्गमनने केलेल्या एका साबणाच्या जाहिरातीत ती पंधराव्या वर्षी झळकली, मग ड्रामाटेन या स्वीडनच्या राष्ट्रीय नाट्यगृहाच्या शाळेत शिकली. १९५७ साली बर्गमनचे ‘द सेव्हन्थ सील’ आणि ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ हे दोन्ही चित्रपट प्रदर्शित झाले आणि निरागस, प्रसन्न तरुणी हीच तिची ओळख होऊन बसली. पुढे कान आणि बर्लिनच्या महोत्सवांत पारितोषिके मिळाली, तरी ही ओळख खऱ्या अर्थाने पुसली ती बर्गमनच्याच १९६६ च्या ‘पर्सोना’ने.

आई, तो चित्रपट तू अवश्य पाहा. लिव्ह उलमनने साकारलेली नटी बोलणेच सोडून देते, त्यामुळे जवळजवळ सगळे संवाद आल्मा या परिचारिकेच्या, म्हणजे बिबीच्या, वाट्याला येतात. एका रात्री आल्मा समुद्रकिनाऱ्यावरचा आपला जुना, लाजिरवाणा अनुभव सांगू लागते. पडद्यावर तो प्रसंग मुळीच दिसत नाही. दिसतात फक्त सांगणारी आणि ऐकणारी, आणि तरीही आपण सारे पाहिल्यासारखे अस्वस्थ होतो. ते भाषण पुरुषाने लिहिलेले आहे हे जाणवल्यामुळे बिबीने त्यातले काही शब्द बाईच्या तोंडी शोभतील असे बदलून घेतले होते. मला तिचा मोठेपणा इथेच दिसतो, कारण एवढ्या नामवंत दिग्दर्शकासमोरही तिने आपल्या पात्राची बाजू सोडली नाही.

मात्र तिला केवळ बर्गमनच्या चित्रपटांतली नायिका म्हणणे मला अन्यायाचे वाटते. हॉलिवूडचे चित्रपटही तिने केले, परंतु रंगभूमी सोडली नाही. अमेरिकन नाटककार यूजीन ओनीलच्या ‘लाँग डेज जर्नी इंटू नाइट’ या नाटकाचा जगातला पहिला प्रयोग १९५६ साली ड्रामाटेनमध्येच झाला होता; १९८८ साली त्याच रंगमंचावर बर्गमनच्या दिग्दर्शनाखाली तिने त्यातली मॉर्फिनच्या आहारी गेलेली आई उभी केली. पडद्यावर तारुण्याचे प्रतीक ठरलेल्या नटीला पन्नाशीनंतर एवढी अवघड भूमिका मिळावी, हे मला नटाला वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्या नाट्यसंस्थेचे श्रेय वाटते. पुढे इब्सेनच्या ‘पीअर गिंत’ नाटकामध्ये ती पीअरची म्हातारी आईही झाली, आणि युद्धाने होरपळलेल्या सारायेव्होतल्या नाट्यकर्मींसाठीही तिने काम केले.

२००९ साली तिला पक्षाघाताचा झटका आला आणि तिची वाचा गेली. २०१९ च्या एप्रिलमध्ये ती वारली.

बाबा, ‘पर्सोना’ पाहिल्यावर न बोलणारी भूमिका अधिक कठीण की सतत बोलणारी, याविषयी तुमचे मत सविस्तर कळवा. माझे मत बिबीच्या बाजूने आहे.

तुमची लेक